लाकूडगाडीवरचा शेवटचा माणूस

माझ्या रेल्वेत ऊस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बारामतीतल्या माझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस हातात चहाचा कप घेऊन त्या फळीभोवती एक चक्कर मारतो, रूळ बघतो, पूल बघतो, वाकून बोगद्यात डोकावतो आणि मग विचारतो, "ऊस कुठाय?" आमच्या मुलखात छोट्या रुळांवरून छोटी गाडी धावली की तिच्यावर ऊसच असला पाहिजे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. वालचंदनगरकडचे पाहुणे तर लहानपणी चालत्या गाडीतून उसाची कांडी कशी ओढली याच्या गोष्टी रंगवून सांगतात. मी ऐकून घेते. शेवटी ते म्हणतात, "मग उसाचीच करायची की! ही लाकडं कशाला भरलीत?" तिथं माझं डोकं फिरतं.

दुसरा प्रश्न त्याहून वाईट. "हे मिस्टरांनी केलं का?" आयटीआयमध्ये पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी चाललीय. कानस माझ्या हातात लाटण्याइतकीच सवयीची आहे. आमचे मिस्टर माणूस म्हणून फार चांगले, पण घरातला दिवा गेला तरी वायरमनला फोन लावतात. तरी कौतुकाची थाप त्यांच्या पाठीवर पडते, आणि ते लाजून हसतात. नाही म्हणत नाहीत! तो राग निराळा आहे, तो इथं काढत बसत नाही.

लाकडं का, ते सांगते. आमचं घर कळस गावचं, मेंढरं राखणारं. आबा, म्हणजे माझे वडील, तरणे असताना एका साली रोगानं सगळा कळप गेला. घरात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एका सोयऱ्याबरोबर ते खाली कारवारकडच्या जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेले. एका हंगामापुरते म्हणून गेलेले आबा माझं लहानपण सरेपर्यंत तिकडेच राहिले. डोंगरात साग पाडायचे, ओंडके छोट्या रुळांवरच्या गाड्यांवर साखळदंडांनी आवळायचे आणि उतारानं खाली डेपोत आणायचे, असं ते काम. आबा ब्रेकवाले होते. शेवटच्या गाडीवर, ओंडक्यांच्या मागं त्यांनी उभं राहायचं, हातात एक लांब लाकडी दांडा घेऊन. तो दांडा चाकावर दाबून धरायचा, हाच ब्रेक. दाब कमी पडला की ओंडक्यांसकट सगळे दरीत.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी आबा म्हणजे वर्षातून एकदा येणारा, लाकडाच्या भुशाचा वास असलेला पाहुणा. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली. ती कशी गेली असं आम्ही विचारलं की आई डोळे मोठे करायची आणि म्हणायची, "गप बसा. जेवू द्या त्यांना." पुढं ते कायमचे घरी आले, पुन्हा थोडी मेंढरं घेतली, मग रान कसायला लागले, डाळिंब लावलं. पण त्या जंगलाबद्दल एक शब्द कधी तोंडातून काढला नाही. आम्हीही विचारायचं सोडून दिलं.

मग आबांना काचबिंदू निघाला. बारामतीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, औषधानं उरलेली टिकवायची, आणि ती किती टिकेल हे कुणीच सांगू शकत नाही. आबांना आता समोरचं तेवढं दिसत होतं, बाजूचं सगळं अंधारलेलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि आपणहून म्हणाले, "त्यो उतार एकदा बगाय पायजे हुता."

"कुठला उतार, आबा?"

"रानातला. गाडीचा."

आयुष्यात पहिल्यांदा. मी तिथंच उभी राहिले. घरी येऊन चौकशी केली, तिकडच्या ओळखीच्या माणसांना फोन लावले. ते रूळ केव्हाच उखडून नेलेत, वाटेवर रान माजलंय, असं कळलं. आबांना तिकडं नेऊन काही दिसणार नव्हतं. मग मी ठरवलं की उतारच इकडं आणायचा. आबांची नजर आहे तोवर तो त्यांच्यासमोर उभा करायचा. मला दुसरं काहीही नको होतं. बक्षीस नको होतं, पेपरात फोटो नको होता. माझ्या बापानं तो उतार डोळ्यांनी बघावा, एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी हातात किती वेळ आहे हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या खोलीतला सोफा मी काढून टाकला आणि तिथं प्लायवूडची मोठी फळी टाकली. डोंगर थर्माकोलचा, वर प्लास्टर. रूळ मागवले ते दिल्लीच्या एका दुकानातून. इंजिन पितळी पत्र्याचं, मी स्वतः कापून, डाख देऊन जोडलेलं. झाडांना घाणेरीच्या वाळक्या फांद्या, त्यांवर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. ओंडके कशाचे करायचे यावर बरेच दिवस अडले होते. बाभळीच्या काड्या वाकड्या, सुबाभळीची साल सुटते. शेवटी आबांनीच सांगितलं की डाळिंबाच्या छाटणीतले सरळ फोक घे. भावाच्या बागेत छाटणी झाली तेव्हा आबा बांधावर बसले आणि ढिगातली एकेक काडी बोटांनी चाचपून त्यांनी मला निवडून दिली. नको असलेल्या काड्या ते नुसत्या टाकत नव्हते, त्यांना शिव्या देऊन टाकत होते. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

डोळ्यांच्या तपासणीला ते बारामतीला आले की माझ्याकडे थांबायचे आणि माझ्या चुका काढायचे. मी वरच्या डोंगरात इंजिन दाखवलं होतं. आबा हसले. "आगं, वर कुठलं इंजिन? इंजिन खाली, सपाटीला. वरनं माल आपल्या वज्यानंच उतरायचा. आन् मागं आमी." म्हणजे माझा चढ चुकला, वळणं चुकली, पूल चुकीच्या ठिकाणी. मी निमूटपणे सगळा वरचा भाग उखडला आणि पहिल्यापासून सुरू केलं. नोकरीत एखाद्या साहेबानं असं करायला लावलं असतं तर मी त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. आबांनी लावलं तेव्हा मला उलट बरं वाटलं, कारण प्रत्येक चुकीबरोबर ते थोडं आणखी बोलत होते.

गाडी उतारानं यायची तर तिला आवरायचं कसं? मोटर बसवून पाहिली, पण ती गाडी एकसारखी ओढायची, जिवंत वाटायचं नाही. मग एक साधी गोष्ट सुचली. मेण लावलेला बारीक दोरा शेवटच्या गाडीला मागून बांधला, तो डोंगराच्या माथ्यावरच्या कडीतून ओवून फळीच्या कडेला बाहेर काढला. दोऱ्याला ढील दिली की गाडी उतरते, धरला की थांबते. तो दोरा आबांच्या हातात द्यायचा. म्हणजे ब्रेक त्यांचाच.

आणि माणसं. ती मी गळक्या नळाला लावतात त्या पुट्टीची केली, बोटाच्या दोन पेरांएवढी. कुऱ्हाडवाले, करवतवाले, साखळी ओढणारे, एक चहा पिणारा. शेवटच्या गाडीवर दांडा धरून उभा असलेला माणूस म्हणजे आबा. त्याला मी धोतर नेसवलं होतं. आबांनी त्याला हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "धोतर न्हाय. धोतर अडकतंय चाकात. चड्डी हुती. पर पटका माझा असाच, लाल. त्यो मी कदी काढला न्हाय." मी चड्डी केली. लाल पटका चारदा रंगवला, तेव्हा त्यांना पसंत पडला.

गौरी-गणपती जवळ आले आणि भाऊ टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. "आक्का, आबांस्नी आता बारामतीला यायजायचं लई जड जातंय. गाडी कळसला नेऊ. आरास म्हनून गौरीफुडं मांडू. आबा घरी बसून बगतील, गावबी बगंल." बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आबा थकले होते, आणि गाडी पूर्ण झाल्यावर ती उतारावरून चालताना त्यांनी अजून एकदाही बघितली नव्हती. मी एकच अट घातली. "मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गाडी सोडायची ती आबांनी." भावानं गळ्याची शपथ घेतली. मी बरोबर जाऊन फळी मांडली, दोरा ओवला, एकदा चालवून खात्री केली, वर चादर टाकली आणि कामावर परतले, कारण प्रवेशाचे दिवस होते आणि सुट्टी मिळत नव्हती. आबांना सांगितलं, "गौरी जेवायच्या दिवशी येते, तवा बगा." ते म्हणाले, "बगतो की. थांबतो मी."

आता इथून पुढं जे झालं ते सांगते.

गावातल्या मंडळानं गौरीच्या आरासीची स्पर्धा ठेवली होती आणि यंदाचा विषय होता पर्यावरण. माझी भावजय हौशी बाई. तिला कुणी आळशी म्हणू शकणार नाही. चार बायका जमवून तिनं चादर काढली, आणि तिच्या लक्षात आलं की यात तर सगळे झाडं तोडतायत! पर्यावरणाच्या स्पर्धेत हे कसं चालणार? एखाद्या शहाण्या माणसानं मला फोन केला असता. तिनं नाही केला. तिनं तिच्या डोक्यानं उपाय काढला.

मला घरी पोहोचायला उशीर झाला होता. दारात परीक्षकांची गाडी उभी, ओटीवर चपलांचा ढीग. आत बायका इतक्या दाटलेल्या की उंबऱ्याच्या पुढं पाऊल टाकता येईना. उंबऱ्यावरून वरच्या बाजूला बघितलं तर दोन्ही गौरी भरजरी साड्यांत उभ्या, आणि त्यांच्या हातात चंदेरी कागदाचे त्रिशूळ. त्रिशुळांची टोकं माझ्या डोंगराकडं रोखलेली. डोंगराच्या माथ्यावर पाटी, "वृक्षतोड थांबवा, वसुंधरा वाचवा". खाली सपाटीला माझं पितळी इंजिन, त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, धुराड्यावर झेंडूचं फूल, पुढच्या रुळांवर अक्षता. यंत्र आहे, देवासमोर मांडलंय, पूजा केली पाहिजे, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

मग मला माणसं दिसली. सगळ्यांची तोंडं काळ्या रंगानं माखलेली, डोळ्यांच्या जागी लाल ठिपके. आणि प्रत्येकाच्या डोक्यात बाभळीचे दोन दोन काटे खुपसून चिकटवलेले. शिंगं. कुऱ्हाडवाल्याला शिंगं, चहा पिणाऱ्याला शिंगं. इंजिनाला कुंकू आणि माणसांना शिंगं! लोखंड-पितळ पूज्य, आणि त्यावर जीव टांगणीला लावून उभा राहिलेला माणूस राक्षस. हा न्याय कुठून आणला या लोकांनी?

फळीच्या कडेला खुर्चीवर आबा बसले होते. नवं धोतर, डोक्याला धुतलेला पटका, उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेला दोरा. त्यांना बाजूचं काही दिसत नाही हे मी सांगितलंच आहे. त्यांचं तोंड डोंगराच्या माथ्याकडं होतं, गाडी जिथून सुटते तिथं. पाटी त्यांना वाचता येत नव्हती. माणसांची तोंडं इतक्या लांबून त्यांना दिसत नव्हती. ते नुसते हसत होते.

भावजय हातातल्या कागदावरून वाचत होती. "या राक्षसांनी आपली वनराई उद्ध्वस्त केली. आज गौराई या राक्षसांचा संहार करण्यासाठी माहेरी आलेली आहे..." आणि मग परीक्षकांकडं बघून, लाडिक आवाजात, "सोडा आता, आबा."

आबांनी ढील दिली. गाडी निघाली. मी खोटं सांगत नाही, मी स्वतः शंभर वेळा ती चालवली होती, पण अशी मला कधी जमली नाही. वळणाआधी किंचित आवरायची, पुलावर हलकेच घ्यायची, वळण गेलं की पुन्हा सोडायची. आबांचा हात ते सगळं विसरला नव्हता. ते बघण्यासाठीच मी सगळा खटाटोप केला होता आणि मला ते बघवेना.

"आबा, थांबा!" मी उंबऱ्यावरून ओरडले.

ब्रेकवाल्याला थांबा म्हटलं की तो थांबतो. गाडी अर्ध्या उतारावर जागच्या जागी उभी राहिली. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. आबांनी मान वळवली, पण मी त्यांना कुठून दिसणार? "काय झालं गं? म्होरं कोन हाय का रुळावर?"

"कोन न्हाय, आबा," भावजय घाईनं म्हणाली. "वन्सं आल्यात. गंमत करत्यात. सोडा तुमी."

मी बायकांना ढकलत पुढं निघाले. कुणाच्या ताटातलं हळदकुंकू सांडलं, कुणी "आगं बाई" म्हणालं. मी पोहोचेपर्यंत गाडी खाली आली होती. आबांनी दोरा गुडघ्यावर ठेवला, दोन्ही हात फळीवर टेकून वाकले आणि नाक जवळजवळ रुळांना लागेल इतके जवळ गेले. त्यांना शेवटची गाडी बघायची होती. ती त्यांनी शोधली. तिच्यावरचा माणूस शोधला. बराच वेळ बघितलं.

"बाय," ते मला म्हणाले, "माज्या डोस्क्यावर ह्ये काय हाय?"

भावजयीनं हातातला कागद पदराखाली लपवला.

मग मी जे बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण आवाज गल्लीत गेला होता असं नंतर समजलं. मी सांगितलं की हा माणूस इथं खुर्चीत बसलाय, नीट बघून घ्या, याला शिंगं आहेत का. सांगितलं की याच्या मजुरीवर हे घर उभं राहिलं. भाऊ मला गप करायला पुढं आला तेव्हा त्याला म्हटलं, या घराला तू बसवलेलं नवं दार कशाचं रे? येणाऱ्याजाणाऱ्याला "वाजवून बगा, अस्सल सागवान हाय" म्हणून ठोकून दाखवतोस ना? मग तू आणि तुझी बायको स्वतःला आधी शिंगं लावून घ्या. गौरीचा चौरंग कशाचा, देव्हारा कशाचा, ते पण बघा. रस्ता रुंद करायला वडाची एवढाली झाडं आडवी केली तेव्हा त्रिशूळ कुठं ठेवले होते सगळ्यांनी?

परीक्षकांत एक गृहस्थ होते, सफारी घातलेले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हे प्रतीकात्मक आहे. मनाला लावून घेऊ नका. संदेश महत्त्वाचा." असा राग येतो मला या सुराचा! शिंगं त्यांच्या बापाला लावलेली असती तर प्रतीक कुठं गेलं असतं हे मला बघायचं आहे. मी त्यांना तसं तोंडावर विचारलं. ते घड्याळाकडं बघत पुढच्या घरी गेले.

भावजय स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. ती मला म्हणाली, "वन्सं, मला खरंच ठावं न्हवतं. आबा तितं काय काम करत हुते ह्ये मला कुनी कदी सांगितलंच न्हाय." एवढी वर्षं एका घरात राहून, रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढून, तिनं त्यांना विचारलं नाही की तुमची बोटं कुठं गेली. यावर मला आणखी राग आला, आणि तो नुसता तिच्यावरचा नव्हता.

माणसं पांगल्यावर मी आबांच्या शेजारी जमिनीवर बसले. ते अजून खुर्चीतच होते. पुरणपोळीचं ताट समोर तसंच. मी म्हटलं, "आबा, मी सगळं काढून टाकते. पुन्हा रंगवते. मनाला लावून घेऊ नका." म्हणजे त्या सफारीवाल्याचंच वाक्य माझ्या तोंडी आलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "झाडं तोडली, ह्ये खोटं न्हाय. लई तोडली. तितली मानसं आमाला लई काय काय म्हनायची. पर घरी कुनी म्हनलं न्हवतं."

फळी मी दुसऱ्याच दिवशी बारामतीला परत आणली. गौरी विसर्जनाची वाटही बघितली नाही. आरासीला दुसरा नंबर मिळाल्याचं भावानं नंतर फोनवर सांगितलं, आणि मी फोन ठेवून दिला. काटे उपटताना पुट्टीचे टवके निघाले. काळा रंग आत मुरला होता. कुऱ्हाडवाले आणि साखळीवाले मी पहिल्यापासून नवे केले. शेवटच्या गाडीवरचा माणूस मात्र टाकवेना, कारण त्याच्या चड्डीपासून पटक्यापर्यंत सगळं आबांनी सांगून करून घेतलं होतं. त्याच्या डोक्यातली भोकं बुजवली, घासली, वर पुट्टीचा नवा पटका बांधला, लाल रंग दिला. आता भिंगातून बघितलं तरी कळत नाही.

पण आबांनी तो बघितला नाही. थंडी सरता सरता त्यांची उरलेली नजर गेली. उजेड आहे की अंधार, एवढं कळतं. मी गाडी पुन्हा कळसला नेली, दोरा त्यांच्या हातात दिला, त्यांनी ती उतरवलीही, पण खाली आल्यावर वाकून बघायला ते उठले नाहीत. म्हणजे एवढी खटपट करून, एवढ्या घाईनं, मी माझ्या बापाला डोळ्यांनी शेवटचं काय दाखवलं, तर तोच माणूस, काळ्या तोंडाचा, शिंगांचा. याचा राग मी कुणावर काढू? भावजयीवर काढून झाला, भावावर काढून झाला, आणि तरी तो संपत नाही.

आता मी गेले की ते हात पुढं करतात. गाडी आता बारामतीलाच असते, तो माणूस तेवढा मी पिशवीतून नेते आणि त्यांच्या तळहातावर ठेवते. ते अंगठ्यानं त्याचं डोकं चाचपतात, मागून पुढं, पुन्हा मागून पुढं. पहिल्यांदा मला वाटायचं, पटका बघतायत.

परवा पिंपळीचे एक म्हातारे सोयरे त्यांना भेटायला आले होते. ओटीवर दोघं बसलेले, मी आत चहा टाकत होते. सोयरे म्हणाले, "पोरीनं तुमची गाडी केली म्हनं, आबा?"

"व्हय," आबा म्हणाले. "लई गुनाची हाय. मला शिंगं हुती, बगा. तिनंच काढली."

सोयरे मोठ्यानं हसले. आबा हसले नाहीत. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "आबा, तुमाला कदीच शिंगं न्हवती." त्यांनी माझा हात शोधला, त्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "आसू दे, बाय. च्या आन."